आधी श्रवण, मग शब्द : फादर थॉमस स्टीफन्स

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी गायिली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु एका इंग्रज धर्मगुरूला आपल्या भाषेत इतक्या गोडव्याने बोलता कसे आले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. मायदेशी कॅथलिक श्रद्धेवर कठोर बंधने आली होती. १५७५ साली त्यांनी रोम येथे येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढील आयुष्य त्यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी प्रांतात, खेड्यापाड्यांतील लोकांत व्यतीत केले.

विद्वान मनुष्य परमुलखात गेला की आपले ज्ञान पाजळण्याचा मोह त्याला होतो. फादर स्टीफन्स मात्र विद्यार्थी झाले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशी असलेली जवळीक नोंदविली. युरोपीय पंडितांत या विषयाची चर्चा रंगण्यास त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे लागली.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय बंधू मारले गेले. त्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवळे उद्ध्वस्त केली होती, आणि नंतर गावच्या प्रमुखांनाही ठार करण्यात आले. जेथे कोणी कोणाचे ऐकत नाही, तेथे शेवटी शस्त्रेच बोलू लागतात. अशा जखमी भूमीत फादर स्टीफन्स यांना सेवा करावयाची होती.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक हृद्य प्रसंग येतो. एक नवख्रिस्ती मनुष्य पाद्रीगुरूंना सांगतो, की आमची जुनी पुराणे गेली. मग आता आम्ही वाचावे तरी काय? या प्रश्नात गाऱ्हाणे होते. त्याला दटावून गप्प करणे सोपे होते. फादरांनी ते ऐकून घेतले, मनात साठविले आणि लोकांच्या ओठी रुळलेल्या ओवीतच त्याला उत्तर दिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. गोव्यात पाऊल ठेवल्यास तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती!

१६१९ साली फादर देवाघरी गेले. त्यांनी रचलेले कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. ते फर्मान आज इतिहासजमा झाले आहे. ख्रिस्तपुराण मात्र भाविकांनी हस्तलिखितांत जतन केले. १९०७ साली मंगळूर येथे आणि १९५६ साली पुण्यात देवनागरी लिपीत ते पुन्हा प्रकाशित झाले.

प्रिय भाविकहो, आपल्या घरात, धर्मग्रामाच्या सभेत आपण उत्तर देण्याची किती घाई करतो! मुलाची तक्रार, वृद्धांचे गाऱ्हाणे, शेजाऱ्याची शंका पुरती ऐकण्याआधीच आपला उपदेश सुरू होतो. प्रभू येशूही बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. त्याच नम्रतेने फादर स्टीफन्स आपल्या पूर्वजांमध्ये बसले. म्हणूनच चारशे वर्षांनंतरही त्यांचा शब्द आपल्याला आपला वाटतो. बोलण्यापूर्वी कान देण्याची कृपा प्रभूने आपणा सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.