नद्यांची तब्येत तपासणाऱ्या एलेनबाई



डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या वर्गात सर्वांना ठाऊक आहे. त्या १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच काळात बॉस्टनमध्ये एक बाई माणसांऐवजी नद्यांची तब्येत तपासत होत्या. त्यांचे नाव एलेन स्वॉलो रिचर्ड्स. या वेळी आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

एलेनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील डन्स्टेबल या खेडेगावात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिकवण्या करून आणि लोकांकडे घरकाम करून तिने पैसे साठवले. पंचविशी गाठल्यावर, १८६८ साली, तिने व्हॅसार कॉलेजात नाव घातले आणि दोन वर्षांत पदवी मिळवली.

पुढे तिला रसायनशास्त्र शिकायचे होते. एम.आय.टी.मध्ये तोवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. एलेनला प्रवेश मिळाला, शिवाय फीसुद्धा माफ झाली. आपल्या गरिबीमुळे ही सवलत मिळाली, असे तिला वाटले. खरे कारण मागाहून कळले. कोणी हरकत घेतली, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही असे सांगता यावे, म्हणून फी घेतली नव्हती! तरीही १८७३ साली ती तिथली पहिली महिला पदवीधर झाली. १८७५ साली तिचे प्रा. रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न झाले. १८८४ साली एलेनबाईंची त्याच संस्थेत शिक्षिका म्हणून रीतसर नेमणूक झाली.

त्या काळी मेरिमॅक नदीच्या काठी मोठमोठ्या कापडगिरण्या होत्या. वरच्या अंगाला लोवेल शहर, खालच्या अंगाला लॉरेन्स. लोवेलचे सांडपाणी नदीत जाई आणि लॉरेन्सचे लोक तेच पाणी पीत. विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, माणसे दगावत.

१८८७ साली राज्याच्या आरोग्य मंडळाने सगळ्या नद्या, तळी आणि विहिरींची पाहणी हाती घेतली. प्रयोगशाळेचे रोजचे काम एलेनबाईंकडे आले. गावोगावहून दर महिन्याला बाटल्या येत. एलेनबाई आणि त्यांच्या साहाय्यकांनी २०,००० हून अधिक नमुने तपासले.

पण पाणी घाण झाले आहे, हे ओळखायचे कसे? दिसायला तर ते नितळ असते! इथे मिठाने मदत केली. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर थोडे मीठ जमिनीवर येते, म्हणून किनाऱ्याजवळच्या पाण्यात ते जास्त असते आणि आत जावे तसे कमी होत जाते. माणसांच्या सांडपाण्यातही मीठ असते आणि ते मातीत गाळले जात नाही. एलेनबाईंनी प्रत्येक भागातल्या स्वच्छ पाण्यात मूळचे मीठ किती, याचा नकाशा तयार केला. त्याहून जास्त मीठ सापडले, की सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यायचा. आम्हाला यातली गोष्ट फार मोलाची वाटते: काय बिघडले हे कळायला, मूळचे चांगले कसे होते हे आधी मोजून ठेवावे लागते.

या पाहणीत अनेक शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर होते. १८९३ साली लॉरेन्समध्ये नदीचे पाणी वाळूतून गाळून देण्याची सोय झाली आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने घटले.

३० मार्च १९११ रोजी एलेनबाई वारल्या. शेवटपर्यंत त्या शिकवत होत्या. आज नदीची पाहणी करणारे लोक पाण्याचा वेग आणि खोली मोजतात, त्यातला प्राणवायू तपासतात आणि दगड उलटून खालचे किडेही मोजतात. काही किडे फक्त स्वच्छ पाण्यातच जगतात, म्हणून तेही नदीची खबर देतात.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या घरच्या नळाला कोणत्या नदीचे किंवा तळ्याचे पाणी येते? आणि आजी-आजोबांच्या गावची नदी कोणती? फोनवर त्यांना विचारा, लहानपणी ते तिथे पोहत होते का, आणि आज तिथले पाणी कसे आहे. उत्तरे मराठीत लिहून आणा. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.