सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पण माणसातला कोरोना पहिल्यांदा त्यांनीच पाहिला!

कोरोनाच्या काळातली रॅपिड अँटिजेन टेस्ट आठवतेय? नाकात काडी, पट्टीवर दोन-चार थेंब आणि मग एक रेघ येते की दोन, याची धाकधूक. टेस्ट यवतमाळच्या लोहाऱ्यात केलेली असो की लंडनमध्ये, पट्टीवर खरं काम करतात त्या अँटिबॉडी. प्रयोगशाळेत तयार केलेल्या या अँटिबॉडी विषाणूचं प्रोटीन नेमकं ओळखतात आणि त्याला चिकटतात. म्हणूनच दुसरी रेघ उमटते.

अँटिबॉडीच्या याच गुणाचा वापर करून विषाणू हुडकणाऱ्या एक शास्त्रज्ञ होत्या. नाव, जून अल्मेडा.

त्यांचा जन्म १९३० सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. वडील बस ड्रायव्हर. धाकटा भाऊ लहानपणीच घटसर्पानं गेला. जून अभ्यासात हुशार होत्या, पण कॉलेजसाठी घरात पैसे नव्हते. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून लागल्या.

लग्नानंतर त्या कॅनडात, टोरोंटोला गेल्या. तिथल्या कॅन्सर संस्थेत त्यांच्या हाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. यातून विषाणू दिसायचा, पण एक अडचण होती. नमुन्यात पेशींचे तुकडे आणि बाकीचा कचराही असायचा. त्यातला विषाणू कोणता, हे कसं ठरवायचं?

उत्तर होतं अँटिबॉडी. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. त्या नमुन्यात मिसळल्या की आपापल्या विषाणूला चिकटतात आणि विखुरलेल्या विषाणूंचे घोळके तयार होतात. घोळका दिसला की विषाणू सापडला! ही कल्पना आधीही होती, पण अल्मेडांनी ती रोजच्या वापराची केली. रुबेला, म्हणजे जर्मन गोवराचा विषाणू याच पद्धतीनं डोळ्यांना दिसला.

१९६४ मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात आल्या. तेव्हा सर्दीवर संशोधन करणारे डेव्हिड टायरेल एका नमुन्यानं हैराण होते. नाव बी८१४. त्यातला विषाणू नेहमीच्या पद्धतीनं वाढत नव्हता आणि ओळखूही येत नव्हता. अल्मेडांनी त्याचे फोटो काढले. गोल कण आणि भोवती काट्यांची कडा. असेच कण त्यांनी आधी कोंबड्या आणि उंदरांच्या विषाणूंत पाहिले होते. पण त्यावरचा त्यांचा लेख तपासनिसांनी परत पाठवला होता. हे फ्लूच्याच विषाणूचे खराब फोटो आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मात्र शंकेला जागा उरली नाही. १९६८ मध्ये या नव्या गटाला नाव मिळालं, कोरोना. लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट.

कॉलेजची पायरी न चढलेल्या अल्मेडांना पुढे संशोधनाच्या जोरावर डॉक्टरेट मिळाली. २००७ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं नाव विषाणूशास्त्राच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं.

२०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीनं भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या नमुन्यातून विषाणूचा फोटो प्रसिद्ध केला. त्यातही काट्यांची तीच कडा होती. विषाणू नवा होता, पण त्याचं घराणं शास्त्रज्ञांना लगेच ओळखता आलं. ती ओळख करून देणाऱ्यांत जून अल्मेडा होत्या.