लक्ष्मीबाई टिळक आणि घरातली गोष्ट

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात घराचा दिनक्रम सूर्यावर चालत नाही. तो पाळीवर चालतो. वडील पहिल्या पाळीला गेलेले असतात तेव्हा मुले झोपेत असतात, आणि रात्रपाळी करून ते परततात तेव्हा मुले शाळेच्या बसमध्ये बसलेली असतात. आईही नोकरी करीत असेल तर चौघांचे कुटुंब एकत्र बसल्याचा प्रसंग आठवड्यातून एखाद्याच वेळी येतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यानंतर अभियांत्रिकीचे आणि वाहनांचे कारखाने आले, आणि पुढे चाकणची माळराने उद्योगांनी व्यापली. या काळात नगर, सोलापूर, जालना अशा जिल्ह्यांतून जी कुटुंबे येथे वस्तीस आली त्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. रविवारी त्यांची देवळे भरतात आणि मुले शब्बाथशाळेस जातात. परंतु उरलेल्या सहा दिवसांत मुलाला श्रद्धा कोणी द्यावयाची, हा प्रश्न या घरांपुढे आहे. देहू-आळंदीच्या कुशीत राहणाऱ्या वारकरी घरांपुढे आणि बाबासाहेबांचे चरित्र मुलांना सांगू इच्छिणाऱ्या बौद्ध घरांपुढेही तो तितकाच आहे.

या प्रश्नाचा विचार करताना लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. धर्म घरात कसा शिरतो, तो घर कसा मोडतो आणि कसा पुन्हा जोडतो, याचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणी घेतला असेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचा विलक्षण पगडा बसला. घरात येणारे धान्यसुद्धा धुऊन वाळवून घ्यावयाचे, मुलांनी कोणास शिवावयाचे नाही, आणि चूक झाल्यास शिक्षा ठरलेली. म्हणजे धर्माशी या मुलीची पहिली ओळख झाली ती भीतीतून आणि निषेधांतून. काय करू नये याची यादी तिला पाठ होती. का करू नये हे तिला कोणी सांगितले नव्हते. या अनुभवाची कडवट नोंद त्यांनी पुढे विनोदाच्या अंगाने केली, हा त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा होय.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, संस्कृतज्ञ, वक्ते, कीर्तनकार. उदार इतके की हातात आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नसावयाची. संतापी आणि तितकेच प्रेमळ. कधी कोठे निघून जातील याचा नेम नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीला त्यांनीच अक्षरे शिकविली. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचन, वाद आणि पत्रव्यवहार यांत दोन वर्षे गेली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पतीच्या निर्णयात त्यांचा काहीही वाटा नव्हता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयास राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरास. समाजाच्या दृष्टीने त्या धड सवाष्ण नव्हत्या, धड विधवाही नव्हत्या. टिळकांनी आग्रहाची पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. परंतु पतीच्या मागोमाग धर्म बदलण्यास त्या तयार झाल्या नाहीत. काही वर्षांनी त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते मान्य केले.

या वेगळ्या चुलीचे महत्त्व मोठे आहे. बाप्तिस्मा घेतलेला पती आणि सोवळे पाळणारी पत्नी यांचे जिणे शेजारी-शेजारी चालले होते आणि त्यांच्यामध्ये एक मूल वाढत होते. लक्ष्मीबाईंचा पालट कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने घडला नाही. त्यांनी प्रथम जातिभेदाचा विचार केला. देवाने माणसे निर्माण केली, मग जाती कोणी निर्माण केल्या, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि त्याचे उत्तर मिळताच शिवाशीव सोडली. त्यानंतर येशूच्या चरित्राकडे त्यांचे मन वळले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जी बाई पतीच्या शब्दावर ख्रिस्ती झाली नाही, ती आपल्या बुद्धीला पटल्यावर झाली.

त्यानंतरचे त्यांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात नगर जिल्ह्यातील मिशनच्या संस्था अनाथ मुलांनी भरून गेल्या, आणि टिळकांच्या घरातही अशी मुले वाढली. घरात पैसा थोडा आणि खाणारी तोंडे फार, हा तेथील कायमचा हिशेब होता. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे महाराष्ट्राचे लाडके बालकवी, या घरात येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. बालकवींचा १९१८ साली रेल्वेच्या अपघातात अंत झाला तो हिंदू म्हणूनच. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ ख्रिस्ताची भजने होत त्या घरात हा तरुण कवी मुक्तपणे वावरला आणि त्याच्या धर्माला कोणी हात लावला नाही. श्रद्धा देणे आणि श्रद्धा लादणे यांतील अंतर मोजावयाचे असेल तर हे उदाहरण पुरेसे आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात गोष्टीची परंपरा टिळकांच्याही पूर्वीची आहे. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. नवख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणे हातून सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकावयास काही नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी बायबलातील कथा मराठी ओवीत सांगितली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक सुरू केले. टिळकांनी याच धाग्यास आपली प्रतिभा जोडली. ख्रिस्ताकडे जाणारा आपला मार्ग तुकारामावरून गेला असे ते मानीत. त्यांनी कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगितली आणि फुलांवर व मुलांवर कविता लिहिल्या. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. बायबलातील येशूही अमूर्त सिद्धान्त क्वचितच मांडतो. हरवलेले मेंढरू, पेरणी करणारा शेतकरी, उधळ्या मुलाची वाट पाहणारा बाप अशा गोष्टी तो सांगतो आणि निष्कर्ष पुष्कळदा ऐकणाऱ्यावर सोडतो.

ओवीत संपूर्ण ख्रिस्तचरित्र लिहावे ही टिळकांची आकांक्षा होती. या काव्याचे नाव 'ख्रिस्तायन'. रामायण ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ते नावच ओळखीचे वाटावे. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. तो ग्रंथ तसाच राहिला असता. परंतु औपचारिक शिक्षण नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या त्यांच्या पत्नीने तो हाती घेतला आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पुरा केला. मधल्या काळात त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीस राहिल्या आणि अखेरीस नाशिकास परतल्या. मुलाच्या, देवदत्तांच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांतून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पुस्तक वाचीत आहोत असे वाटत नाही; माजघरात बसून ऐकत आहोत असे वाटते. वाक्ये लहान, शब्द रोजच्या वापरातले, फजितीची लाज नाही आणि उपदेशाचा सूर नाही. स्वतःच्या श्रद्धेविषयीही लक्ष्मीबाई काय घडले तेवढेच सांगतात. कथेचा अर्थ सांगण्याची घाई त्या करीत नाहीत. मुलांना गोष्ट सांगणाऱ्याने हा संयम त्यांच्यापासून शिकावा. गोष्ट संपताच तात्पर्य सांगणारा पालक मुलाच्या हातातील फळ काढून घेऊन त्याला फळाचे वर्णन ऐकवतो.

येथे अर्थशास्त्राच्या एका कल्पनेचा उपयोग होण्यासारखा आहे. एकाच प्रक्रियेतून दोन वस्तू निघत असतील तर तिला आपण संयुक्त उत्पादन म्हणतो. मेंढीपासून लोकर आणि मांस मिळावे तसे. जुन्या घरात गोष्ट ही अशी संयुक्त वस्तू होती. जात्यावर पीठ पडे आणि त्याच वेळी ओवी बाहेर येई. निवडणे, टिपणे, शेंगा फोडणे, वाती वळणे ही कामे हातांना गुंतवीत आणि तोंड मोकळे ठेवीत. मुले भोवती असत. गोष्टीसाठी निराळा वेळ काढावा लागत नसे, म्हणून तिची किंमतही कोणाच्या ध्यानात आली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत घरातील बाईच्या विनामोबदला श्रमाची नोंद होत नाही. त्या श्रमांबरोबर निघणाऱ्या गोष्टीची तर कल्पनाही कोणी केली नाही.

कारखान्याने हे संयुक्त उत्पादन मोडले. काम घराबाहेर गेले, पीठ गिरणीत गेले आणि नंतर पिशवीत बंद होऊन दुकानात आले. यात हळहळण्याचे कारण नाही. जात्याचे श्रम वाचले, बायकांच्या पाठी वाचल्या आणि घरात नियमित पगार येऊ लागला. त्या जुन्या श्रमांकडे कोणी परत जाऊ म्हणणार नाही. परंतु जी वस्तू आजवर फुकट मिळत होती तिच्यासाठी आता वेळेच्या रूपाने किंमत मोजावी लागते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती मोजण्याची सवय आपल्याला नाही. म्हणून आपण गोष्ट बाहेरून विकत घेऊ पाहतो: कधी शिकवणीवर्गातून, कधी शब्बाथशाळेतून, कधी मोबाइलच्या पडद्यावरून.

बाहेरची गोष्ट वाईट असते असे नव्हे. शब्बाथशाळेचे शिक्षक निष्ठेने काम करतात आणि पडद्यावरील चित्रे मोहक असतात. परंतु पडद्याला मुलाने मध्येच प्रश्न विचारला तर तो थांबत नाही. उधळ्या मुलाला बापाने रागे का भरले नाही, असे मुलाने विचारले की घरातील बापाला थांबावे लागते, आणि उत्तर देताना स्वतःच्या वागण्याचाही विचार करावा लागतो. मुलाला खरे शिक्षण त्या थांबण्यातून मिळते. दुसरा मुद्दा भाषेचा. इंग्रजी माध्यमात शिकणारी आणि इंग्रजीतच प्रार्थना पाठ करणारी कित्येक मुले आपल्या आजीशी देवाविषयी बोलू शकत नाहीत. आजीजवळ टिळकांची भजने आहेत, नातवाजवळ त्यांची भाषा नाही. स्टीफन्स यांच्या काळापासून चार शतके मराठीत साठविलेले भांडवल एका पिढीत निकामी होण्याचा हा धोका आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. लहान मुलाला धर्माची गोष्ट सांगणे म्हणजे विचार करण्याचे वय येण्याआधीच त्याचे मन बांधून टाकणे नव्हे काय? लक्ष्मीबाईंचे आयुष्य या आक्षेपाला दोन बाजूंनी उत्तर देते. त्यांच्या बालपणी धर्म निषेधांच्या यादीच्या रूपाने आला आणि मोठेपणी त्यांनी तो टाकून दिला. प्रौढपणी तो एका चरित्राच्या रूपाने आला. तेव्हा त्यांनी तो पारखला, नाकारला, पुन्हा पाहिला आणि स्वीकारला. यादीपुढे मनुष्य मान तुकवितो किंवा बंड करतो; तिसरा मार्ग त्याला उरत नाही. गोष्ट ऐकणाऱ्याला मात्र ती मनात बाळगून, वय वाढेल तसतसा तिचा निराळा अर्थ लावण्याची मोकळीक असते. ज्या पालकांना मुलाच्या स्वातंत्र्याची चिंता वाटते त्यांनी गोष्टीपेक्षा यादीला अधिक भ्यावे.

या पट्ट्यातील घरांनी नेमके काय करावे हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. तरीही काही गोष्टी सहज शक्य आहेत. पाळी बदलते म्हणून गोष्टीची वेळही बदलू द्यावी. ती रात्रीच सांगितली पाहिजे असा नियम नाही. सुट्टीच्या दिवशी भाजी निवडताना ती सांगता येते, दुचाकी धुतानाही सांगता येते. गावाकडून आजी आली असेल तर पहिला हक्क तिचा. बायबल मराठीतून वाचावे, आणि वाचलेले पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावे. सांगताना अडखळले तरी बिघडत नाही. लक्ष्मीबाईंनीही अक्षरे उशिरा गिरविली होती. मंडळ्यांनीही पालकांना केवळ वर्गणी आणि उपस्थिती मागण्याऐवजी गोष्ट सांगण्याचे धैर्य द्यावे. चाकणच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात रात्रपाळीस निघण्यापूर्वी बापाने मुलाला पेरणी करणाऱ्याची गोष्ट सांगितली, तर कंपनीची बस येईपर्यंत ती पुरी होण्याइतका वेळ त्याच्यापाशी असतो.