सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि चीनची सुई

गुडघेदुखीवर सुया टोचून उपचार करणारी शिबिरं आपल्याकडं अधूनमधून भरतात. कापूस वेचून, निंदण-खुरपण करून गुडघे गेलेल्या आपल्या आया-बहिणी तिथं रांग लावतात. ही चिनी सुई आणली कोणी, असं विचारलं की बरेच जण डॉ. कोटणीसांचं नाव घेतात. ते तितकंसं खरं नाही. खरी हकीकत याहून मोठी आहे, म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत ती मांडत आहोत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. त्या काळी जपानने चीनवर स्वारी केली होती. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरलं : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, अन् आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला त्यांची बोट मुंबईहून सुटली. देश स्वतःच पारतंत्र्यात, आणि पोरं निघाली दुसऱ्याच्या जखमा बांधायला!

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घर पोरकं झालं होतं, माघारी फिरले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण ते फिरले नाहीत. बाकीचे सोबती एकेक करून परतले, बसूही १९४३ मध्ये आले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगरात, आघाडीच्या मागेच राहिले. चिनी भाषा शिकले. लोकांनी त्यांना के दिहुआ हे नाव दिलं. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते प्रमुख झाले. इस्पितळ म्हणजे मोठी इमारत समजू नका. शत्रू जवळ आला की रुग्णांसकट सगळं हलवायचं. औषधांचा तुटवडा तर रोजचाच. जखमींची रीघ लागली की रात्रंदिवस शस्त्रक्रिया चालायच्या. को चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इन्हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं तोच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर बोलपट काढला आणि नाव घरोघरी पोचलं.

आता सुईचं. कोटणीस हे चाकू चालवणारे सर्जन होते, सुयांचे वैद्य नव्हेत. सुई आणली ती त्यांचे सोबती डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५७ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तेव्हा त्यांचं नाकाचं जुनं दुखणं सुयांनी हलकं झालं. दुसऱ्या वर्षी ती विद्याच शिकायला गेले आणि १९५९ पासून कलकत्त्यात उपचार करू लागले. पुढं कोटणीसांच्या नावानं समिती चालली. तिच्यामुळं सुई आणि कोटणीस ही जोडी लोकांच्या मनात बसली असावी, असं आम्हाला वाटतं.

चिनी वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठराविक वाटांनी वाहते आणि ती अडली की दुखणं येतं, असं ते मानतात. त्या वाटांवरच्या बिंदूंत केसासारखी बारीक सुई घालतात. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला असाच एक नावाजलेला बिंदू आहे. दवण्याच्या जातीतल्या एका झाडाचा वाळका पाला पेटवून त्या जागा शेकतातही. आणि पेला लावून रक्त ओढायची त्यांची रीत म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांची तुंबडीच की! आधुनिक डॉक्टर ‘ची’ मानत नाहीत. पण जुन्या कंबरदुखीला, गुडघेदुखीला सुयांनी काहींना थोडाफार आराम पडतो, हे तेही नाकारत नाहीत. महाराष्ट्रानं तर अक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा केला आहे. तेव्हा शिबिरात गेलात तर नोंदणी विचारा, सुई नवी, पाकिटातली आहे का बघा. आणि क्षयाच्या किंवा साखरेच्या गोळ्या सुईच्या भरवशावर बंद करू नका. असं करणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

कोटणीस आपल्या समाजाचे नव्हते, मग बुद्धविहाराच्या अंकात कशाला, असं कोणी म्हणेल. जुलाबानं घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं, ही कथा आपण पोरांना सांगतोच. शिवाय आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या उपासकांची दानं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. सातव्या शतकात चीनचा भिक्खू ह्युएन त्सांग धम्मासाठी महाराष्ट्रापर्यंत चालत आला होता. कोटणीस उलट दिशेनं गेले. त्यांचे अवशेष आज चीनमधल्या शिजियाचुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहेत, आणि सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. पोरांची सहल तिकडं निघाली तर तिथं जरूर न्यावी.