एली मेचनिकॉफ : देहाच्या पहारेकऱ्यांचा शोधक

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेलच. ज्या डॉ. हाफकिन यांनी मुंबईस प्लेगची लस सिद्ध करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, त्यांच्या गुरूचे हे अल्पचरित्र होय.

एली मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेन देशात असलेल्या खार्कोव्ह शहरानजीक एका खेड्यात झाला. ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे अध्यापक झाले. १८७३ मध्ये त्यांची पत्नी क्षयाने वारली. रोगापुढे मनुष्य किती असहाय असतो, हे त्यांनी घरातच पाहिले.

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो, फिरत्या पेशींनी काट्यांस गराडा घातलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही रोगजंतूंस अशाच घेरून गिळतात, हे त्यांनी पुढे दाखविले. अनेक पंडितांनी विरोध केला. परंतु १८८८ मध्ये पाश्चर यांनी त्यांस पॅरिसच्या आपल्या संस्थेत आश्रय दिला. पुरी वीस वर्षे वाट पाहिल्यावर, १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

उतारवयात त्यांनी विचारले, हे पहारेकरी वृद्धपणी कसे वागतात? ते घरच्याच पेशींवर उलटतात आणि आतड्यांतील जंतूंचे विष त्यास साहाय्य करते, असा त्यांचा तर्क होता. म्हणून ते नित्य आंबविलेले दूध घेत. तरी १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

दह्याने वार्धक्य टळत नाही. पण त्यांचा प्रश्न खरा ठरला. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत पांढऱ्या पेशींपैकी काहींचे शिक्षण होते. तारुण्यापासून ती आक्रसत जाते व नवे शिपाई थोडे निघतात. वृद्धांस लसही तरुणांइतकी लागू पडत नाही. शिवाय त्यांच्या देहात सौम्य दाह धुमसत राहतो.

म्हणून कोल्हारच्या मुलांनो, जो ताप तुम्हांस दोन दिवसांत सोडतो, तोच आजोबांस अंथरुणास खिळवू शकतो. खोकला असता त्यांच्यापासून दूर बसा, हात धुवा, आणि त्यांस वेळेवर लस टोचविण्याची आठवण वडिलांस द्या. म्हाताऱ्या पहारेकऱ्यांच्या मदतीस तरुणांनी उभे राहावे, हेच योग्य.