व्यासपीठ सुटले, काम सुटले नाही : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

धम्मकार्य करायला एखादा तरुण किंवा तरुणी पुढे येते आणि विहार समिती त्यांना थांबवते, हे आपल्या कर्जत-खालापूर भागातही घडते. कधी वय आडवे येते, कधी बाईमाणूस म्हणून कुजबुज होते, कधी पोटजात निघते, तर कधी हा माणूस आपल्यापेक्षा कातकरी वाडीवरच जास्त असतो अशी तक्रार होते. जुन्या रूढी मानणाऱ्या पंथात नकार मिळाला तर कोणाला नवल वाटत नाही. समतेची भाषा बोलणाऱ्यांकडून मिळालेला नकार मात्र माणसाला आतून मोडतो. हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी घेतलेल्या एका मोठ्या माणसाचे चरित्र आम्ही इथे मांडत आहोत.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजी वारकरी वळणाचे. घरी गरिबी होती, तरी मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ मध्ये पदवीधर झाला. शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मदत मिळाली. पदवी घेऊन वकिली करावी, नाव आणि पैसा मिळवावा, असा सरळ रस्ता समोर होता. शिंदे प्रार्थना समाजाकडे वळले.

प्रार्थना समाज १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला होता. एक ईश्वर, मूर्तिपूजेला नकार, जातिभेदाला विरोध, स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाहाला पाठिंबा ही त्याची ओळख. रानडे, भांडारकर, चंदावरकर अशी विद्वान माणसे त्यात होती. त्या काळातला हा सर्वांत उदार धर्मपंथ. इंग्लंड-अमेरिकेतील युनिटेरियन पंथाशी त्याचे जवळचे संबंध होते. युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी गेले.

तिथे एस्लिन कार्पेंटर शिकवत होते. ते पालीचे पंडित. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याबरोबर त्यांनी दीघनिकायाचे संपादन केले. मराठी मुलुखातला एक तरुण सातासमुद्रापार जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होता आणि त्यात बुद्धही त्याला भेटत होता. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मपंथांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून शिंदे मायदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

प्रचारकाने रविवारी उपासना चालवावी, व्याख्याने द्यावीत, गावोगावच्या समाजांना भेटी द्याव्यात अशी अपेक्षा असे. शिंद्यांनी ते सारे केले. पण जातिभेद मानत नाही असे म्हणणाऱ्या धर्माची खरी परीक्षा अस्पृश्यांच्या वस्तीत होते, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केले. अध्यक्ष होते नारायणराव चंदावरकर. प्रार्थना समाजाचे अध्यक्षही तेच. तरी मिशन समाजाची शाखा म्हणून उभे राहिले नाही. ती स्वतंत्र संस्था राहिली. शिंद्यांचे आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाक्का या कामात उतरली. जनाक्का तर मिशनच्या आधारस्तंभ झाल्या.

समाजातील काही सभासदांशी शिंद्यांचे मतभेद वाढत गेले आणि १९१० मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडले. ज्या कामासाठी दोन वर्षे परदेशी शिक्षण घेतले, वकिलीवर पाणी सोडले, ते व्यासपीठ सात वर्षांत सुटले. समाजशास्त्राच्या नजरेने आम्हाला यात एक जुनी गोष्ट दिसते. सुशिक्षित, सुखवस्तू लोकांची सुधारक संस्था विचारांत कितीही पुढे असो, तिचे उठणे-बसणे आपल्याच वर्गात असते. अशा संस्थेला समतेवरचे प्रवचन मानवते. प्रवचनकार सगळा वेळ परळच्या शाळेत घालवू लागला, की तिला तो आपला वाटेनासा होतो. हुकूम काढून कोणी कोणाला हाकलत नाही. माणसासाठी तिथे जागाच उरत नाही.

शिंदे थांबले नाहीत. १९१२ पासून त्यांनी पुण्याला मुक्काम हलवला. बोरघाटातून जाणारी, आपल्या कर्जतवरची ही रेल्वे तेव्हा मुंबई-पुण्याच्या सुधारकांची रोजची वाट होती. पुण्यात नाना पेठेत होळकरांच्या देणगीच्या आधाराने मिशनचे अहिल्याश्रम उभे राहिले. १९१७ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव झाला, त्यामागे शिंद्यांची खटपट होती.

मग दुसरा नकार आला, आणि तो आपल्या लोकांकडून आला. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांचे आणि शिंद्यांचे जमले नाही. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, ही बाबासाहेबांची भूमिका होती आणि ती रास्त होती. मिशनचा कारभारही अस्पृश्य समाजातील माणसांच्या हाती असावा अशी मागणी झाली. १९२३ मध्ये शिंदे मिशनमधून बाजूला झाले. हे दोन्ही नकार एका तराजूत घालता येणार नाहीत. पहिल्या वेळी वरच्यांना खालच्यांची सोबत नकोशी झाली होती. दुसऱ्या वेळी दबलेली माणसे आपला कारभार आपल्या हाती मागत होती. शिंद्यांच्या वाट्याला मात्र दोन्ही आले.

१९२४ मध्ये ते मंगळूरला ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून गेले. १९२७ मध्ये, ज्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्या वर्षी शिंदे ब्रह्मदेशात बौद्ध धर्माचा अभ्यास करत फिरले. त्या बौद्ध देशातही पॅगोडाच्या सेवेला बांधलेले गुलाम आणि मसणातली कामे करणारे लोक बहिष्कृत होते, हे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आला. पूर्वीचे काही बौद्ध समूह पुढे अस्पृश्य ठरले असावेत, हा विचार त्यांनी मांडला. पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या आपल्या ग्रंथात तो स्वतंत्रपणे आणि अधिक जोरकसपणे मांडला. कोंढाण्याच्या लेण्यांसमोर उभे राहून आपण आपला इतिहास सांगतो, तेव्हा या अभ्यासकाची आठवण क्वचितच निघते.

२ जानेवारी १९४४ रोजी शिंदे गेले. शेवटची वर्षे एकाकी आणि आजारपणाची होती.

शिंद्यांना देव्हाऱ्यात बसवण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. ब्रह्मदेशातली त्यांची नोंद आपल्याला सांगते की बुद्धाचे नाव घेतल्याने कोणतीही वस्ती आपोआप समतेची होत नाही. प्रार्थना समाजाचा अनुभव सांगतो की उदार संस्थेलाही दार लोटून घेता येते. म्हणून आमची सूचना साधी आहे. बौद्धाचार्य प्रशिक्षणाला, वंदना घ्यायला, प्रवचनाला कोणी पुढे आले आणि समितीला नाही म्हणायचे असेल, तर कारण तोंडावर, सर्वांसमोर सांगावे. काय शिकून यावे आणि पुन्हा कधी यावे हेही सांगावे. जो वीटभट्टीवरच्या मुलांना शिकवतो, कातकरी वाडीवर दाखले काढून देतो, त्याचे ते काम धम्मकार्य म्हणून मोजावे. आणि ज्याला नकार मिळाला, त्याने शिंद्यांची परळची शाळा आठवावी. ती सुरू करायला त्यांना कोणाच्या व्यासपीठाची गरज पडली नव्हती.