फादर थॉमस स्टीफन्स यांचे उतारवय



जुलै महिन्यातील चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिन म्हणून पाळावा, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ठरवले. संत योआकिम व संत आन्ना, म्हणजे प्रभू येशूचे आजी-आजोबा, यांचा सण २६ जुलैला येतो. त्याला धरून हा रविवार निवडला. त्याआधी १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरातील वृद्धांना एक पत्र लिहिले होते. तेव्हा त्यांचे स्वतःचे वय ७९ होते. म्हातारी माणसे म्हणजे फक्त सेवा करून घेणारी माणसे नव्हेत, हे ख्रिस्तसभा अलीकडे वारंवार सांगू लागली आहे.

आपल्या जानेफळकडे मात्र अजून वेगळी रीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरचेदारचे सगळे त्यांना एकच सांगतात, आता बसा, देव देव करा. शेतकऱ्याला निवृत्ती नाही. पण मुलाच्या हाती व्यवहार गेला की बापाला कोणी काही विचारत नाही. या पार्श्वभूमीवर एका अशा धर्मगुरूंचे चरित्र पाहू, ज्यांनी उतारवयात खरोखरच देव देव केला, आणि त्यातून मराठीला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मिळाला.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथलिकांना धर्म पाळणे अवघड होते. ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासाची हकिगत त्यांनी वडिलांना पत्राने कळवली. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. भारतात येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतात. मायदेशी मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत.

गोव्यात गुरुदीक्षा झाल्यावर त्यांना सासष्टी भागात नेमले. तो प्रदेश तेव्हा धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे त्यांच्याच संघाचे पाच जण मारले गेले आणि त्यांचे मृतदेह मिळवण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. त्यांचे वय तेव्हा ३४ होते. त्यानंतर तेथून बदली मागितली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. ते मात्र आयुष्यातील बहुतेक काळ सासष्टीतच राहिले. लोकांची कोकणी बोली शिकले, ग्रंथांची मराठी शिकले, ओवी ऐकत राहिले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. भाषाशास्त्राचे पंडित या निष्कर्षावर पोहोचायला आणखी दोनशे वर्षे लागली.

या सगळ्या काळात त्यांच्या नावावर एकही छापील पुस्तक नव्हते. १६०८ मध्ये, ५९ वर्षांचे असताना, त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहिले. इथल्या भाषेत आणि इथल्या लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे, असे त्यात कळवले. अडचणही सांगितली : युरोपात चोवीस अक्षरांत भागते, इथे सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. ज्या वयात आपल्याकडे पेन्शनचे कागद तयार होतात, त्या वयात हा माणूस छापखान्याच्या साच्यांचा हिशेब करत होता!

हा हिशेब कशासाठी, ते त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी समजते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण फादरांपुढे गाऱ्हाणे मांडतो. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचे काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. फादर स्टीफन्स यांनी त्याला उपदेश करून वाटेला लावले नाही. ख्रिस्तपुराण हे त्याचे उत्तर होते. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, सगळे ओवीत. स्वर्गाला त्यात वैकुंठ हा शब्द येतो. शेगाव आपल्याच जिल्ह्यातले. तेथील गजानन विजयचे पारायण आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे लहानपणापासून ऐकतो. जात्यावरची ओवी तर आपल्या आज्यांनी स्वतः म्हटलेली. त्यामुळे ख्रिस्तपुराणाचा ठेका आपल्या कानाला परका वाटायचे कारण नाही.

ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला, तेव्हा लेखकाचे वय ६७ होते. असा ग्रंथ पंचविशीत लिहिता येत नाही असे मला वाटते. सासष्टीतल्या माणसांबरोबर घालवलेली साडेतीन दशके त्यामागे आहेत. आपल्याही धर्मग्रामात अशी दशके साठवलेली माणसे आहेत. जुन्या प्रार्थना, जुनी गीते, कोणत्या घरात कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते त्यांना कोणी विचारायला हवे.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये निघाले आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. कोणत्याही भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानतात. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी आणली. तरीही ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या प्रती हाताने लिहून जपल्या आणि गायल्या. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची प्रत आज कोठेच मिळत नाही. मंगळूरला १९०७ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला तो हस्तलिखितांच्याच आधारे. या सर्व आवृत्त्या रोमन अक्षरांत होत्या. संपूर्ण पुराण देवनागरीत छापून आले ते १९५६ मध्ये पुण्याला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. इथल्या लिपीसाठी रोमला पत्र गेले त्याला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.